पूल आणि वेस : घरातील यंत्रांची जोडणी

एकाच छपराखाली राहणारी माणसे एकमेकांना ओळखतात, हे आपण गृहीत धरून चालतो. एकाच छपराखालची यंत्रे मात्र एकमेकांना ओळखतीलच असे नाही. खालच्या मजल्यावर प्रिंटर आहे आणि वरच्या मजल्यावर मुलगी अभ्यास करीत बसली आहे, असे समजा. तिच्या संगणकावर परदेशातील ग्रंथालयाचे पान क्षणात उघडते. पण जिना उतरून गेल्यावर हाताशी लागणारा तो प्रिंटर संगणकाला काही केल्या सापडत नाही. साता समुद्रांपलीकडचे दिसते आणि पायाखालचे दिसत नाही, असा हा चमत्कार. ज्या घरांत इंटरनेटच्या दोन पेट्या, म्हणजे दोन राउटर आहेत, त्यांपैकी पुष्कळांना याचा अनुभव आला असेल.

या चमत्काराचे कारण प्रिंटरात नसते आणि संगणकातही नसते. ते दोहोंच्या मधल्या जोडणीत असते. ती जोडणी बदलण्याची जी युक्ती आहे तिला तंत्रज्ञ 'ब्रिजिंग' म्हणतात. आपण सरळ मराठीत 'पूल बांधणे' म्हणू. या पुलाचे काम कसे चालते, तो घरात कसा बांधावयाचा, आणि बांधण्यापूर्वी कोणता विचार करावयाचा, हा आजचा विषय आहे. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो : पूल बांधणे सोपे आहे, कोठे बांधावा आणि कोठे बांधू नये हे ठरविणे अवघड आहे. आणि हे ठरविण्याचे काम तंत्रज्ञाचे नसून घर चालविणाऱ्याचे आहे.

पाकीट आणि पत्ता

यंत्रे एकमेकांशी बोलतात म्हणजे काय करतात, हे प्रथम पाहिले पाहिजे. ती टेलिफोनसारखी अखंड तार धरून बसत नाहीत. सांगावयाच्या मजकुराचे लहान लहान तुकडे करून ती एकेका पाकिटात घालतात आणि पाठवितात. पाकिटावर दोन पत्ते असतात : ज्याला द्यावयाचे त्याचा आणि ज्याने पाठविले त्याचा. आपण पत्र टाकताना पाठविणाऱ्याचा पत्ता लिहिण्याचा कंटाळा करतो. यंत्रे कधीच करीत नाहीत. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुलाचे सगळे शहाणपण तिच्यावर उभे आहे.

हा पत्ता म्हणजे 'मॅक' पत्ता. तो ४८ अंशांचा, म्हणजे ४८ वेळा शून्य किंवा एक लिहून होणारा आकडा असतो. असे आकडे सुमारे २८१ लाख कोटी होतात. तेव्हा पत्ते अपुरे पडण्याची धास्ती नाही. यंत्र तयार करणाऱ्या कंपनीस 'आय-ट्रिपल-ई' या अभियंत्यांच्या संस्थेकडून पत्त्याचा पहिला भाग मिळतो आणि उरलेला भाग कंपनी स्वतः घालते. अलीकडचे फोन आपला माग कोणी काढू नये म्हणून जागोजागी वेगळा, तात्पुरता पत्ता धारण करतात. परंतु पत्ता कायमचा असो वा तात्पुरता, पाकिटावर तो असतोच.

ही पाकिटे वाहून नेण्याची जी पद्धत आज घरोघरी आहे तिचे नाव 'ईथरनेट'. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये तिचे टिपण लिहिले. एकोणिसाव्या शतकातील पदार्थवैज्ञानिक प्रकाशलहरी वाहून नेणारे 'ईथर' नावाचे सर्वव्यापी द्रव्य कल्पीत असत. ते द्रव्य विज्ञानाने पुढे टाकून दिले. पण सर्वांनी मिळून वापरावयाच्या एका तारेस मेटकाफ यांनी ते नाव दिले आणि ते टिकले. सुरुवातीच्या या पद्धतीत सगळी यंत्रे एकाच जाड तारेवर बसलेली असत. एकाने बोलले की ते सर्वांना ऐकू जाई. ज्याच्या नावचे असेल त्याने घ्यावे, इतरांनी सोडून द्यावे. दोघे एकदम बोलले तर गोंधळ होई. मग दोघांनी थांबावे आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलावे.

चाळीतल्या एका नळासारखी ही व्यवस्था होती. बिऱ्हाडे थोडी असली तर ठीक. वाढली की रांग लागली. जाड तारेचा एक तुकडा ५०० मीटरांहून लांब आणि १०० जोडण्यांहून अधिक करू नये, असा नियमच होता. तेव्हा दोन तारा वेगळ्या ठेवून, पण त्यांवरील यंत्रांना वेगळेपणा जाणवू न देता, त्या जोडता येतील काय, असा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेतील 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन' या कंपनीतील मार्क केम्प्फ यांच्या १९८० च्या दशकातील कामातून त्याला उत्तर मिळाले. ते उत्तर म्हणजे आपला पूल.

पूल शिकतो कसा?

पुलाला कोणी काही शिकवीत नाही. त्याला घराचा नकाशा द्यावा लागत नाही, यंत्रांची यादी द्यावी लागत नाही. तो स्वतःच शिकतो आणि शिकण्याची त्याची रीत अशी आहे.

गावात नवा टपालवाला आला आहे आणि त्याला कोणाचे घर ठाऊक नाही, असे समजा. पण तो एक गोष्ट करतो. पूर्वेच्या पेटीत पडलेल्या पत्रावर पाठविणाऱ्याचे नाव 'गोदूताई' असेल, तर तो आपल्या वहीत लिहून ठेवतो : गोदूताई पूर्वेस. पत्र ज्यांना द्यावयाचे ते अण्णा कोठे राहतात हे त्याला माहीत नसेल, तर तो त्या पत्राच्या प्रती करून पूर्व सोडून बाकीच्या सर्व दिशांना धाडतो. अण्णा उत्तर पाठवितात; ते पश्चिमेच्या पेटीत पडते. लगेच वहीत दुसरी ओळ येते : अण्णा पश्चिमेस. यापुढे गोदूताई आणि अण्णा यांची पत्रे नेमकी जाऊ लागतात; इतरांना त्यांचा उपद्रव होत नाही. आणि पूर्वेच्या एका घरातून पूर्वेच्याच दुसऱ्या घरी पत्र जात असेल तर टपालवाला त्यात पडतच नाही, कारण ते पूल न ओलांडता पोहोचते.

पूल हेच करतो. येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरील पाठविणाऱ्याचा पत्ता पाहून 'हे यंत्र या तोंडाकडे आहे' अशी नोंद तो करतो. घेणाऱ्याचा पत्ता वहीत असेल तर नेमक्या तोंडाने पाकीट सोडतो. नसेल तर आले ते तोंड वगळून सर्व तोंडांनी सोडतो. तो वही कायमचीही ठेवीत नाही. एखादे यंत्र ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे, बोलले नाही तर साधारणपणे त्याची ओळ खोडली जाते. माणसाने आपला संगणक खालून वर नेला तर जुनी नोंद आडवी येऊ नये, म्हणून ही सोय. ऐकून शिकावे, नेमके वागावे आणि जुने झालेले विसरावे, इतकाच पुलाचा धर्म आहे.

यंत्रांना मात्र मधे पूल आहे याचा पत्ताही नसतो. पाकीट जसे टाकले तसेच, एक अक्षर न बदलता, पलीकडे निघते. म्हणून या पुलाला 'पारदर्शक' म्हणतात. आज बाजारात मिळणारा स्विच म्हणजे अनेक तोंडांचा पूलच होय. आपल्या घरातील राउटरच्या पाठीमागे जी तीन-चार सारखी तोंडे असतात ती आणि त्याचा वायफाय हे पेटीच्या पोटात एका पुलानेच जोडलेले असतात. म्हणजे पूल आपल्या घरी आधीच आहे. आपण त्याला नावाने ओळखत नव्हतो, एवढेच.

वेस ही वेगळी वस्तू

मग त्या मुलीला प्रिंटर का सापडत नाही? कारण खालच्या आणि वरच्या मजल्यामध्ये पूल नसून वेस आहे. राउटर म्हणजे गावाची वेस. पूल एकाच गावाचे दोन भाग जोडतो. वेस एक गाव संपवून दुसरे सुरू करते.

खालच्या राउटरला बाहेरच्या कंपनीची तार येते. वायफाय वर पोहोचत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणतो, खालून वर केबल ओढतो आणि ती वरच्या राउटरच्या 'इंटरनेट' किंवा 'वॅन' असे लिहिलेल्या तोंडात खुपसतो. तोंडावर नावच तसे लिहिलेले, तेव्हा यात आपला दोष नाही. पण त्या क्षणी वरचा मजला हे वेगळे गाव झाले. वरची यंत्रे बाहेर काही पाठवू लागली की वरचा राउटर त्यांचे आतले पत्ते झाकून स्वतःचा पत्ता लावतो. खालचा राउटर पुन्हा तसेच करतो. इंटरनेट चालते, म्हणून आपल्याला वाटते सर्व ठीक आहे.

प्रिंटर शोधण्याची रीत मात्र वेगळी आहे. संगणक आधी दवंडी पिटतो : येथे कोणी छापणारे आहे काय? प्रिंटर ओ देतो : मी आहे. अशी दवंडी गावापुरतीच असते. वेशीपाशी ती थांबते. पूल दवंडी पुढे नेतो, राउटर नेत नाही. प्रिंटर खालच्या गावात, दवंडी वरच्या गावात. मग ओ कोण देणार? दोन्ही राउटरांनी आपापल्या गावासाठी एकाच मालिकेतील आकडे धरले असतील तर वरचा राउटर आणखी गोंधळतो, कारण आतले गाव कोणते आणि बाहेरचे कोणते हेच त्याला उमगत नाही. घरातील यंत्रांना द्यावयाचे '१९२.१६८' या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखलेले आहेत आणि पुष्कळ राउटर बनविणारे त्यांतूनच काही ठरावीक मालिका निवडतात. त्यामुळे अशी टक्कर होणे मुळीच दुर्मीळ नाही.

पूल घरात कसा बांधावा?

उपाय हा की वरची वेस काढून तेथे पूल करावा. पुष्कळ राउटरांत यासाठी 'अॅक्सेस पॉइंट मोड' नावाची सोय असते. ती निवडली की काम झाले. ती नसेल तर तीन गोष्टी कराव्या. वरच्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम, ज्याला 'डीएचसीपी' म्हणतात, ते बंद करावे. त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या गावाच्या मालिकेतला, पण दुसऱ्या कोणाचा नसलेला असा द्यावा. आणि खालून आलेली केबल 'वॅन' तोंडातून काढून बाकीच्या साध्या तोंडांपैकी एकात घालावी. आता वरच्या पेटीतील वेस रिकामी राहिली आणि तिच्या पोटातील पूलच तेवढा कामाला लागला. वर आणि खाली एक गाव झाले. मुलीची दवंडी प्रिंटरपर्यंत पोहोचते.

पत्ते वाटणारा एकच असावा, यावर आम्ही मुद्दाम भर देतो. पूल बांधल्यावर दोन वाटणारे राहिले तर काही यंत्रांना एकाचे पत्ते मिळतील, काहींना दुसऱ्याचे. कधी चालेल, कधी बंद पडेल आणि कारण सापडणार नाही. रेशनच्या एकाच दुकानावर दोन कारकून दोन वह्या घेऊन बसावेत तसे ते होईल.

दुसरा प्रकार जुन्या संगणकाचा. घरात एखादा जुना संगणक पडून असतो. त्याला केबलची दोन-तीन तोंडे असली, किंवा जादा तोंडांचे कार्ड बसविले, तर त्याचाच पूल करता येतो. लिनक्स या मुक्त प्रणालीत ही सोय गाभ्यातच आहे; विंडोजमध्येही २००१ च्या एक्सपी आवृत्तीपासून दोन जोडण्या एकदम निवडून त्यांचा ब्रिज करता येतो. येथे पहिल्यांदा करणारा माणूस एका ठिकाणी हमखास अडतो. पूल होण्यापूर्वी प्रत्येक तोंडाला आपापला पत्ता असतो. पूल झाल्यावर तो पत्ता तोंडांकडून काढून पुलाला द्यावा लागतो. भिंत पाडून दोन खोल्यांचा एक दिवाणखाना केला तर दोन खोल्यांच्या दोन नावांच्या पाट्या दारावर ठेवून चालत नाही, एकच पाटी लावावी लागते. त्यातलाच हा प्रकार. तोंडांना जुने पत्ते तसेच राहिले की संगणक स्वतःच नेटवर्कबाहेर फेकला जातो आणि करणारा म्हणतो, पूल बिघडला.

आणखी एक व्यवहारी गोष्ट. संगणकाचा पूल केला म्हणजे तो संगणक सदैव जागा राहिला पाहिजे. तो झोपला की पूल उचलला गेला. पलीकडच्या मजल्यावरील सगळ्यांचे काम एका यंत्राच्या जागेपणावर टांगून ठेवण्यापेक्षा, दोन-चार तोंडे जोडण्यापुरतेच काम असेल तर साधा स्विच आणणे शहाणपणाचे. संगणकाचा पूल तेथे शोभतो जेथे त्याच संगणकाकडून आणखी काही काम घ्यावयाचे असते : पाकिटे तपासणे, वाटेवर पहारा ठेवणे, किंवा एका संगणकात अनेक कल्पित संगणक चालवून त्यांना घराच्या नेटवर्कात खऱ्या यंत्रांसारखे बसविणे.

हवेतली अडचण

पुष्कळजण विचारतात, केबल ओढावयाचीच कशाला? वरचा संगणक वायफायने खालच्या राउटरला जोडलेला आहे. त्याच्या केबलच्या तोंडाला वरचा टीव्ही जोडावा आणि वायफाय व केबल यांचा पूल करावा. कल्पना चांगली आहे, पण बहुधा चालत नाही. आणि का चालत नाही हे समजण्यासारखे आहे.

वायफायने राउटरला जोडलेल्या साध्या ग्राहकयंत्राच्या पाकिटावर तीन पत्ते असतात : राउटरचा, यंत्राचा स्वतःचा आणि ज्याला पोहोचवावयाचे त्याचा. 'मी स्वतः बोलतो आहे' आणि 'मी दुसऱ्याचे बोलणे पुढे देतो आहे' यांत फरक दाखविण्यास जागाच नसते. शिवाय राउटर ज्याची ओळख पटलेली आहे त्याचेच पाकीट स्वीकारतो. टीव्हीचा पत्ता लावून पाकीट गेले तर राउटर म्हणतो, हा कोण? याला मी आत घेतलेले नाही. आणि ते टाकून देतो. दुसऱ्याच्या तिकिटावर आगगाडीत बसावे तसे ते होते. यावर इलाज म्हणून चौथ्या पत्त्याची सोय आहे; पण ती दोन्ही टोकांच्या यंत्रांना समजली पाहिजे. बाजारात 'मेश' नावाने जे संच मिळतात ते एकाच कंपनीच्या जोड्यांतून अशा प्रकारची सोय करून देतात. एरवी भिंत जाड असेल तेथे केबलच बरी.

फेरा आणि वादळ

आता पुलाच्या दोषाकडे वळू. पुलाचा मोठा दोष त्याच्या भोळेपणात आहे. दोन ठिकाणांमध्ये दोन वाटा झाल्या तर त्याला ते कळत नाही.

समजा, दोन स्विच एका केबलने जोडलेले आहेत. कोणीतरी, एकाऐवजी दोन केबली लावल्या तर वेग दुप्पट होईल अशा भाबड्या आशेने, दुसरी केबल लावली. किंवा झाडलोट करताना सुटलेले एक टोक 'हे कोठले बरे?' म्हणत समोरच्या रिकाम्या तोंडात घातले. आता एक दवंडी निघाली. पहिल्या स्विचने ती दोन्ही केबलींनी दुसऱ्याकडे धाडली. दुसऱ्याने एका केबलीने आलेली दुसरीने परत धाडली. पहिल्याने ती पुन्हा पुढे केली. इंटरनेटच्या लांब पल्ल्याच्या पाकिटांवर आयुष्याचा एक आकडा असतो. प्रत्येक वेशीवर तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट मरते. ईथरनेटच्या पाकिटाला असे मरणच दिलेले नाही. ते फिरतच राहते. आणि प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती घरातील सगळ्या तोंडांतून बाहेर पडतात. एका गिगाबिटच्या साध्या केबलीवरून सर्वांत लहान आकाराची पाकिटे सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. थोड्याच वेळात केबल नुसत्या दवंडीने भरून जाते आणि कामाच्या एका शब्दाला जागा उरत नाही. याला 'ब्रॉडकास्ट वादळ' असे नाव आहे. घरातला माणूस पाहतो ते एवढेच की स्विचवरचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत आहेत आणि काहीच चालत नाही.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन या विदुषीने शोधला. त्याही डिजिटल इक्विपमेंटमध्येच काम करीत होत्या आणि १९८५ साली त्यांनी आपली रीत प्रसिद्ध केली. त्या निबंधाच्या आरंभी सारांशाच्या जागी त्यांनी एक छोटी कविता घातली होती. रीत मोठी सुंदर आहे. सर्व पूल एकमेकांना दर दोन सेकंदांनी निरोप देतात. प्रत्येकाला क्रमांक असतो. सर्वांत लहान क्रमांकाचा तो मूळ ठरतो. मग प्रत्येक पूल मुळापर्यंतची आपली सर्वांत सोयीची वाट शोधतो आणि फेरा उत्पन्न करणारी जादा वाट स्वतःहून मिटून घेतो. उरते ते झाड : मूळ, फांद्या, उपफांद्या. झाडाची एक फांदी निघून दुसरीला पुन्हा चिकटत नाही, तेव्हा फेरा संभवतच नाही. एखादी फांदी तुटली तर मिटलेली वाट पुन्हा उघडते. या रीतीला 'स्पॅनिंग ट्री' म्हणतात; १९९० साली ती प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्या मूळ रूपात नवे तोंड उघडण्यापूर्वी पूल १५ सेकंद ऐकत आणि १५ सेकंद शिकत थांबतो. म्हणून अशा पुलावर केबल लावल्याबरोबर काही चालले नाही तर अर्धा मिनिट धीर धरावा. २००१ मध्ये या रीतीची अधिक वेगवान आवृत्ती आली.

पण घरगुती स्वस्त स्विचांत ही सोय बहुधा नसते आणि लिनक्सच्या पुलात ती असली तरी आपण चालू करीपर्यंत बंद असते, हे विसरू नये. शिवाय ती सोय असली म्हणजे वाटेल तितके पूल जोडावेत असेही नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरात 'बेथ इझ्रायल डीकनेस' नावाचे मोठे रुग्णालय आहे. तेथील नेटवर्क वर्षानुवर्षे एकाला एक जोडीत वाढत गेले होते. स्पॅनिंग ट्रीचा हिशेब ज्या सात पुलांच्या पल्ल्यापर्यंत धरलेला असतो त्याच्या ते पलीकडे गेले होते. नोव्हेंबर २००२ मध्ये पाकिटांचा मोठा लोंढा आला आणि सगळा हिशेब कोसळला. तपासण्यांचे निष्कर्ष, औषधांच्या सूचना, रुग्णांची टिपणे, सर्व अडले. सुमारे चार दिवस त्या रुग्णालयाला कागदावर कारभार करावा लागला. कागदी नमुने पूर्वी कधी न भरलेल्या तरुण डॉक्टरांना ते भरावयास शिकावे लागले. तेथे यंत्र कोणतेही मोडलेले नव्हते. जोडीत जाताना, आता कोठे थांबावे, हा प्रश्न वेळीच विचारला गेला नव्हता.

कोणाला जोडू नये?

फेऱ्याचा धोका दिसतो तरी. दिवे लुकलुकतात, काम थांबते. दुसरा धोका दिसत नाही आणि म्हणून तो आम्हांस अधिक गंभीर वाटतो. पुलाने जोडलेली सर्व यंत्रे एका गावची होतात. प्रत्येकाला प्रत्येकाच्या दारापर्यंत जाता येते. पूल कोणाला अडवीत नाही, कोणाला ओळख विचारीत नाही. त्याचे ते कामच नव्हे.

आज घरात येणारी यंत्रे सगळी सारख्या विश्वासाची नसतात. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात, घराची कागदपत्रे असतात, तो एक. आणि दारावरचा स्वस्त कॅमेरा, ज्याचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तोच राहिला आहे, तो दुसरा. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रणालीने नेमके असेच कॅमेरे आणि राउटर जगभर हुडकून काढले. कारखान्यात ठेवलेल्या नावांच्या व शब्दांच्या साठाहून अधिक जोड्या ती एकामागून एक लावून पाही आणि जे यंत्र उघडेल ते ताब्यात घेई. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेने 'डाइन' या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतील पुष्कळ प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. मालकांना आपला कॅमेरा परक्याची चाकरी करतो आहे याची कल्पनाही नव्हती. असा कॅमेरा आणि बँकेचा संगणक एकाच पुलावर असतील, तर कॅमेऱ्यात शिरलेला चोर संगणकाच्या दारापाशी येऊनच बसला, असे समजावे.

तेव्हा काही ठिकाणी वेस ठेवणेच योग्य. राउटरात पाहुण्यांसाठी वेगळ्या वायफायची सोय असते. ती पाहुण्यांच्या फोनपुरती न ठेवता कॅमेरे, दिवे, अनोळखी टीव्ही यांनाही तिकडेच बसवावे. पाहुण्याला आपण ओसरीवर बसवितो, चहापाणी करतो, पण देवघराची किल्ली देत नाही. त्यात त्याचा अपमान नसतो. ज्यांच्याकडे चांगल्या प्रतीचा स्विच आहे त्यांना 'व्हीलॅन' या रीतीने, जी १९९८ मध्ये प्रमाण ठरली, एकाच पुलाचे आतून स्वतंत्र भाग पाडता येतात.

आणखी एक पूल फार जपून बांधावा. इंटरनेट देणाऱ्या कंपनीची जी पेटी असते तिलाही 'ब्रिज मोड' असतो. स्वतःचा चांगला राउटर असेल आणि दोन वेशींचा त्रास नको असेल तर हा उपाय खरोखर उत्तम आहे. पण त्या क्षणी कंपनीच्या पेटीतील वेस नाहीशी होते, हे ध्यानात धरावे. पलीकडे तुमचा राउटर पहाऱ्यावर असेल तर ठीक. तेथे राउटर न लावता संगणकच थेट लावला तर तो संगणक भर रस्त्यावर, उघड्यावर येऊन बसला. त्याचप्रमाणे जुन्या संगणकाचा पूल करताना बाहेरून आलेल्या तारेचे तोंड चुकूनही घरातल्या तोंडांबरोबर त्या पुलात घालू नये. एका तोंडाची गफलत, आणि गावकूस पडले.

दोन प्रश्न

सारांश, पूल बांधण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे. पहिला : या दोन तीरांमध्ये दुसरी एखादी वाट आधीच आहे काय? असेल तर फेरा होईल. एक वाट काढावी किंवा स्पॅनिंग ट्री चालू करावी. दुसरा : या तीरावरच्या प्रत्येक यंत्राला त्या तीरावरच्या प्रत्येक यंत्राच्या दारापर्यंत जाऊ द्यावयाचे आहे काय? उत्तर 'होय' असेल तर पूल बांधावा आणि मुलीला प्रिंटर मिळू द्यावा. उत्तर 'नाही' असेल, किंवा 'सांगता येत नाही' असे असेल, तर वेस राहू द्यावी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर केबली मोजून मिळते. एक कागद घ्यावा आणि कोणती केबल कोठून कोठे जाते हे लिहून स्विचजवळ चिकटवून ठेवावे. दुसऱ्याचे उत्तर मात्र कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेले नसते. कोणते यंत्र घरातले आणि कोणते ओसरीवरचे, हे यंत्र बनविणाऱ्याला ठाऊक नाही, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला ठाऊक नाही आणि बिचाऱ्या पुलाला तर नाहीच नाही. तो जोडला म्हणजे जोडतो. ते घरातल्यांनाच ठरवावे लागते. आणि एवढे ठरविण्यास अभियंत्याची पदवी लागत नाही, आपल्या घरात कोण राहते आणि कोण येतेजाते याची जाण लागते.